कांदळाच्या मेखा

एका खाडीच्या काठी दोन जावा राहत. दोघींची भातशेती शेजारीशेजारी, आणि प्रत्येकीच्या शेतापुढे खारं पाणी अडवणारा मातीचा बांध. बांधापलीकडे चिखलात कांदळाची, जाळीसारख्या मुळांची खारफुटी झाडं होती. त्यांवर बगळे, ढोकऱ्या आणि खंड्या यांचा दिवसभर बाजार भरे.

थोरली मोठी कामसू. तिचं काम दृष्ट लागण्यासारखं असे, आणि हे गावापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं! एका वैशाखात तिने ठरवलं, यंदा बांध असा घालायचा की गावाने तोंडात बोटं घालावीत. त्यासाठी मेखा हव्यात म्हणून ती कोयता घेऊन आपल्या बांधापुढच्या कांदळांत शिरली.

"जाऊबाई, नका हो तोडू," धाकटी म्हणाली. "बगळे घरट्याला काटक्या आणू लागलेत. मामंजींनीही कधी या झाडांना हात लावला नाही."

"म्हणून तर जन्मभर बांध लिंपत बसले! तू पाखरं सांभाळ, मी भात सांभाळते."

थोरलीने सगळी झाडं तोडली. बांध उभा राहिला, उंच, सरळ, मेखांनी आवळलेला. शेजारी धाकटीचा बांध अगदी बापुडवाणा दिसे. येताजाता थोरली त्याच्याकडे बघून हसे.

भाद्रपदात भात पोटरीला आलं आणि अमावास्येला उधाण आलं. आता अडवायला मधे कुणी नव्हतं. लाटा थेट थोरलीच्या बांधावर आदळल्या, मेखा उखडल्या, बांध फुटला आणि हिरवंगार शेत खाऱ्या पाण्यात बुडालं. शेजारी मात्र लाट कांदळांच्या मुळांत अडखळून दमून जाई. धाकटीच्या बांधाला पाणी नुसतं टेकत होतं.

थोरलीने उखडलेली एक मेख उचलली. "बाई गं, बांधासाठी मी बांधच तोडला!"

धाकटीने टोमणा मारला नाही. "यंदा माझं भात दोघी खाऊ," ती म्हणाली, आणि पाणी ओसरल्यावर सूपभर कांदळाच्या शेंगा घेऊन आली. दोघींनी त्या चिखलात खोचल्या.

काही वर्षांनी तिथे पुन्हा बगळे आले. कुणी बांधाचं कौतुक केलं की थोरली झाडांकडे बोट दाखवी. "माझा बांध तो. हा मातीचा पडला तर चार दिवसांत पुन्हा घालीन." एखादा बगळा तिच्या पदरावर शिटला, तरी ती त्याला हाकलत नसे.

तात्पर्य: जे न मागता आपली राखण करतं, त्याचं मोल कोयता उचलण्याआधी ओळखावं.