वाढवलेली दाढ

बायका बाजारात ऐसपैस बसून कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरून घ्यायच्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका बाजाराच्या गावात एक कासार होते. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

मामांची एक रीत होती. लहान मुलीचा हात हातात घेतला की ते आधी सांगायचे, "दुखलं तर थांब म्हण. मी थांबेन." आणि ते खरंच थांबायचे. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आलेली असली तरी अलगद मागे घ्यायचे. मुलगी रडून उठलीच, तर उरलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "राहिलेल्या माझ्याकडे जमा. वाटेल तेव्हा ये." काच तडकली तर बांगडी फुटली असं कधी म्हणायचे नाहीत. वाढली म्हणायचे. तसं सगळेच कासार म्हणतात, पण मामा ते इतक्या कौतुकाने म्हणायचे की पोरींना वाटायचं, खरंच काहीतरी वाढलं असेल. आता बांगड्या पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतात. डब्याला थांब म्हणून काय उपयोग!

एकदा जाड हाडाच्या अंगठ्याची एक मुलगी आली. दोन बांगड्या चढल्या आणि तिने भोकाड पसरलं. आई म्हणाली, धरते मी हिला, तुम्ही भरा. मामांनी मान हलवली आणि मुलीचा हात सोडून दिला. आई फणकाऱ्याने तिला घेऊन निघून गेली. पुढच्या बाजाराला तीच मुलगी एकटी आली आणि तिने आपण होऊन हात पुढे केला.

ही रीत मामांकडे कुठून आली, ते फक्त मामींना माहीत होतं. ती एका दातातून आली होती. मामा सात वर्षांचे असताना त्यांचा दात दुखू लागला. वडील आणि दोन काका त्यांना दात काढणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेले. तो गोड आवाजात म्हणाला, "नुसतं बघतो." मामांनी तोंड उघडलं. काकांनी खांदे दाबले, आणि दात बाहेर आला. त्या दिवसापासून मामांनी आपलं तोंड कुणाला दाखवलं नाही. लवंगेच्या तेलावर आणि एका बाजूने चावण्यावर त्यांनी साठ वर्षं काढली.

पण आता त्यांची एक दाढ अशी सुजली की भाताचं शीतही चावेना. नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिचा हिरवा चुडा मीच भरणार, असं मामांनी तिच्या बारशालाच सांगून ठेवलं होतं. आणि त्या सकाळी ठणक्याने लक्ष उडून एकाच बाईच्या हातावर तीन बांगड्या वाढल्या. मामा घाबरले. चुड्याच्या दिवशी असं झालं तर?

मामी एवढंच म्हणाल्या, "चुड्याला दुसरा कासार बोलवायचा की दाढ दाखवायची, ते तुम्ही ठरवा."

मामा तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या खुर्चीत ते अगदी टोकावर बसले. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हसतमुख होत्या. हातमोजे चढवत त्या म्हणाल्या, "घाबरू नका. नुसतं बघते."

झालं. नेमके तेच शब्द. मामांनी ओठ मिटून घेतले आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. मोठ्या कष्टाने ते म्हणाले, "थांबा."

आता कुणीतरी खांदे धरणार, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पण कुणी धरलं नाही. डोळे उघडले तेव्हा बाईंनी हत्यार खाली ठेवलं होतं आणि त्या हातमोजे काढत होत्या. सूज उतरायला त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "दाढ काढावी लागेल, खोटं सांगत नाही. पण आज नको. राहिलेलं माझ्याकडे जमा. वाटेल तेव्हा या."

मामा दारापाशी जाऊन थबकले. चेहरे ते विसरायचे, हात कधीच नाही. मघाशी चिठ्ठी देणाऱ्या त्या हाताचा अंगठा जाड हाडाचा होता. मामांचे डोळे भरून आले. आणि ते दाढेमुळे नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सूज उतरली आणि मामा आपण होऊन गेले. बाईंनी त्यांच्या हातात दोन बांगड्या ठेवल्या. तोंड उघडं असताना थांब म्हणता येत नाही, तेव्हा या वाजवा म्हणाल्या. मग सुई टोचताना टोचते आहे असंच सांगितलं. मामांनी दोनदा किणकिण केली. दोन्ही वेळा बाई थांबल्या. तिसऱ्यांदा दुखत काहीच नव्हतं, उगीच खात्री करायला बांगड्या वाजवून पाहिल्या. बाई तेव्हाही थांबल्या. मग मामांनी बांगड्या मांडीवर ठेवून दिल्या.

घरी मामींनी विचारलं, काढली का दाढ?

"काढली नाही," गालात कापसाचा बोळा धरून मामा म्हणाले, "वाढवली."

चुड्याच्या दिवशी नातीच्या हातावर एकही बांगडी वाढली नाही. मांडवातल्या बाकीच्या बायकांचे हात भरून झाले, तेव्हा शेवटी मामांच्या आमंत्रणावरून आलेल्या डॉक्टरीणबाई पुढे येऊन बसल्या. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी आली आणि मामा जुन्या सवयीने थांबले.

"थांबू का गं पोरी?"

"नको मामा," ती म्हणाली. "भरा."

गोष्टीचं तात्पर्य सांगायचं तर एवढंच: भ्यालेल्या माणसाला घाबरू नकोस म्हणण्यापेक्षा, त्याने थांब म्हटल्यावर थांबावं, मग तो आपल्या पायांनी परत येतो.