डोळ्यांवरचा समुद्र

“आता तरी मानाल ना, बाई?”

डॉक्टर ओजस्विनी वाघधरेने हातातला चष्मा पुढे केला. दिसायला पोहायच्या चष्म्यासारखा, पण जाडजूड. डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी समुद्र. मासे, कासवं, पोवळी. ऑपरेशनच्या भीतीने रडणाऱ्या मुलांसाठी हा समुद्र तिने वर्षभर खपून उभा केला होता.

“एकोणचाळीस मुलं झाली. एकही रडलं नाही.”

मान ताठ होती. ती ताठ असायला कारणही होतं.

हर्डीकरबाईंची हयात भूल देण्यात गेली होती. ओजस्विनीला हे काम त्यांनीच शिकवलेलं. त्या हसल्या.

“आज कोण आहे?”

सहा वर्षांची मैना होती. टॉन्सिल काढायचे होते. थिएटरबाहेरच्या बाकावर आईच्या मांडीत बसली होती.

ओजस्विनीने तिला चष्मा लावला. मैनाने ओढून काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग आईच्या गळ्याला मिठी मारून तिने असा टाहो फोडला, की वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या.

ओजस्विनीचा चेहरा उतरला.

“बाई, ही समुद्राकडे बघतच नाही. नुसती आईच्या तोंडाकडे बघतेय.”

“हं...”

“मग मी काय करू?”

 बाईही आईच्या तोंडाकडे बघत होत्या. आईचे ओठ घट्ट मिटलेले. डोळे काठोकाठ...

बाईंनी चष्मा घेतला आणि आईच्या डोळ्यांवर चढवला.

“अहो बाई, तो मुलांसाठी...”

“थांब.”

 मग आई दचकून मागे सरली.

“अगं बया! ह्यो मासा अंगावरच आला की!”

तिने हवेत हात मारला, मासा धरायला गेली, आणि खळखळून हसली.

मैनाचं रडणं थांबलं. ती आईचं हसू बघत राहिली.

“आये, केवढा हाय गं?”

आईने दोन्ही हात पसरून दाखवला. मैनाही हसली. थोड्या वेळाने ओजस्विनीच्या कडेवर बसून, आईला हात हलवत ती थिएटरात गेली.

ऑपरेशन नीट पार पडलं. ओजस्विनी बाहेर आली तेव्हा बाई सिस्टरना चष्मा दाखवत होत्या. “माझ्या विद्यार्थिनीने केलाय बरं का!”

ओजस्विनी ओशाळली.

“पण बाई, पोरगी चष्म्याशिवायच आत गेली. माझं यंत्र हरलंच ना?”

“हरलं? अगं, भीती आईच्या डोळ्यांत होती. आज ते पहिल्यांदा नीट चाललं.”