राजाने देऊन टाकलेल्या तीन किरकोळ गोष्टी

एका राज्यात, जिथे साळुंक्या न्यायनिवाडा करीत आणि खोटे बोलणाऱ्याला विहिरी पाणी देत नसत, रणधवल नावाचा राजा होता. रणात वाघ, पण घरात पाहुणा. राणी चारुमती काही सांगू लागली की म्हणे, "मग पाहू." धाकटी राजकन्या बकुळा बोलवायला आली की तिलाही म्हणे, "मग पाहू." हे 'मग' त्या राज्यात कधी उगवलेले कुणी पाहिले नव्हते.

एके दिवशी दरबारात झंकाळ मांत्रिक आला. कधीही न हरणारी तलवार त्याने राजापुढे ठेवली. राजाने मोल विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सोनं नको, महाराज. आपल्या दिवसातल्या तीन किरकोळ गोष्टी द्या. दिल्याची आठवणही राहणार नाही, अशा."

राजा हसला. सकाळी तो बकुळेची वेणी घालीत असे, तीही घाईघाईने, ती दिली. दुपारी राणीशेजारी पानावर बसून 'आज काय झालं' असे विचारी, ते दिले. उंबरा ओलांडताना 'येतो' म्हणे; तेही देऊन टाकले. माझी तर हे सांगतानाही जीभ अडखळते. आपल्यात कुणी चार पावलांवर गेला तरी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि हा गृहस्थ काही न बोलता घोड्यावर बसला आणि लढाईला निघून गेला.

राज्यामागून राज्य जिंकीत त्याने वर्षे घालवली. मग खजिन्याचे उंट घेऊन तो परतला, तर वाड्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. महाराज आत जेवताहेत, तुम्ही कोण, असे त्याने विचारले. राजा त्याला ढकलून आत शिरला आणि जागीच थिजला.

पाटावर तो स्वतःच बसला होता. तेच कपाळ, त्याच मिशा, हनुवटीवरचा तोच व्रण. तो दुसरा राणीला विचारीत होता, आज काय झालं. राणी हसून सांगत होती. हे हसू राजाने कधी पाहिलेच नव्हते. उंच झालेल्या बकुळेने मान वळवली आणि विचारले, "आई, हे पाहुणे कोण?"

राजाने तलवार उपसून वार केला. न हरणारी ती तलवार धुरातून जावी तशी त्या देहातून आरपार गेली आणि कोरडीच बाहेर आली. राणीने बकुळेला पोटाशी धरले. सेवकांनी राजाला उचलून बागेत टाकले.

बागेतल्या आंब्यावर न्यायाधीश साळुंकी बसली होती. राजाने दाद मागितली, माझे घर चोरीला गेले म्हणून. साळुंकी म्हणाली, "चोरी झालीच नाही. आपण दिलंत. त्या तिन्हींची मांत्रिकाने छाया घडवली. येत्या अमावास्येपर्यंत घरच्या कुणी आपणहून तुम्हाला ओळखलं नाही, तर ती छाया देह होईल आणि तुम्ही छाया व्हाल."

राजाने विचारले, कुठला नागमणी आणू, कुठल्या राक्षसाला मारू? साळुंकीने पंख झटकले. म्हणाली, "पराक्रम पुरे झाले. दिलेलं परत मागा आणि रोज करा. एक दिवस चुकला, की संपलं."

आता युद्ध होणार म्हणून राजा दात आवळून छायेपुढे गेला. ऐका काय झाले ते. छाया उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले.

"घ्या, महाराज. मला एवढंच येतं. आजवर कुणी परत मागितलं नाही, म्हणून मी करीत राहिलो."

राजाला लाज वाटली, इतकी की पराभवातही वाटली नसती. घरच्यांना अजून छायाच महाराज होती; वेणी घालणे आणि पान वाढणे आता याच्याकडे, अशी तिने आज्ञा दिली, आणि हा परका माणूस वाड्यात सेवक म्हणून राहिला.

पहिल्या सकाळी त्याने घोड्याचा लगाम खेचावा तसा कंगवा वरून खाली ओढला. बकुळेच्या डोळ्यांत पाणी आले. गुंता खालून सोडवायचा असतो, हे छायेने त्याला शिकवले. दुपारी तो राणीला वाढू लागला आणि पहिल्यांदा त्याला कळले की तिला कारले मुळीच आवडत नाही. इतकी वर्षे ती त्याच्यासाठी ते खात होती. आज काय झालं, असे त्याने हळूच विचारले. राणी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक शब्द बोलली. बाहेर पडताना तो उंबऱ्यावर थांबून 'येतो' म्हणे, आणि पलीकडून उत्तर येत नसे. तरी तो रोज म्हणत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्याने कुणापासून लपवली नाही.

अमावास्येच्या सकाळी वेणी अर्धी झाली होती. तोच रणशिंग वाजले. सीमेवर धूळ उठली, शत्रू आला म्हणून ओरड झाली. अंगणात घोडा खिंकाळला, खुंटीवरची तलवार आपोआप म्यानाबाहेर आली. राजाचे पाय निघालेच. दारापर्यंत गेलेही. तिथे त्याने मागे पाहिले. बकुळा पाठमोरी बसली होती आणि सुटलेले पेड तिने स्वतःच्या हातात धरून ठेवले होते.

राजा परत फिरला आणि खाली बसला. बाहेर शिंग फुटेस्तोवर वाजत होते आणि हा पेडावर पेड घालीत होता. शेवटी गाठ मारली, फूल खोवले, उठला आणि उंबऱ्यावर थांबला.

"येतो, बकुळे."

बकुळा आरशात वेणी पाहत होती. मान न वळवताच ती बोलली.

"लवकर या, बाबा."

बोलली आणि स्वतःच दचकली. राणीच्या हातातले तबक खाली पडले. पाटावरच्या छायेने समाधानाने डोळे मिटले आणि ती उन्हात विरून गेली. सीमेवरची धूळ खाली बसली. तिथे ना शत्रू होता, ना घोडा, होता तो एकटा झंकाळ, तोंडाला शिंग लावलेला. पहारेकऱ्यांनी त्याला धरून आणले. तलवार आता साधे लोखंड होती. राणीने रिकाम्या पाटापुढे पान मांडले आणि त्यात कारले वाढले नाही.

राजा पुन्हा सिंहासनावर बसला. राज्यकारभार चालू झाला. दरबार मात्र वेणी झाल्यावरच भरू लागला.

कहाणी इथे उठली. तुम्हीही उठा, कामाला लागा. पण उंबऱ्यावर क्षणभर थांबा, आत कोण आहे ते पाहा आणि 'येतो' म्हणा.