हातावरची खीर

“आज कमरेला कसली पुडी बांधू गं, मिठाची की गुळाची?”

“दोन्ही बांध. मागल्या खेपेला आमटी अळणी होती आणि शिरा खारट. मी आपली आमटीत शिरा कालवला आणि मोकळी झाले.”

देवळामागच्या आडावर दोघी बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कट्ट्याच्या अलीकडे वाकून पंचपात्री घासणारी सगुणा त्यांना दिसली नव्हती. ती तशीच वाकून राहिली. राखेनं लख्ख झालेलं भांडं तिनं पुन्हा राखेनं घासलं. उठून उभं राहावं तर बायका ओशाळतील, आणि न राहावं तर आपल्याच घरची निंदा कानांनी प्यायची. सगुणेनं प्यायचं ठरवलं. घरात धाकटी जाऊ म्हणून आल्यापासून तिला त्याची सवय होती.

भाविकहो, पूर्णेच्या काठच्या बोरसांगवीतली ही गोष्ट. तिथल्या वाळवंटात वाळूबुवा महाराज राहत. ते कुठून आले हे कुणाला ठाऊक नव्हतं. अंगावर एक घोंगडं, उशाला एक दगड, आणि कुणी काही विचारलं की आधी मोठ्यानं हसायचं. गावाला वाटे, महाराज आपल्याला हसतात. पुढे पुढे कळलं की ते आपल्यासाठी हसतात, म्हणजे ज्याला हसू येत नाही त्याच्या वाट्याचं. पण हे कळायला गावाला वेळ लागला, आणि मोकाश्यांच्या घराला सगळ्यांत जास्त.

मोकाश्यांचं घर म्हणजे गावातला मान. मारुतीच्या उत्सवाला खिरीचा नैवेद्य त्यांच्या घरचा, आणि तो रांधायचा मान थोरल्या सूनबाईंचा. त्यांना सगळा गाव बायजाक्का म्हणे. आक्कांच्या हाताची शेवयांची खीर एकेकाळी अशी असे, की जेवून उठलेला माणूस हात धुवायला जायचा आणि न धुताच परत यायचा.

आक्कांचा एक नियम होता. नैवेद्याचं चाखायचं नाही. चाखलं की उष्टं झालं. रोजच्या सैपाकालाही त्या तोच नियम लावत. पण त्या नियमाला एक पळवाट होती, आणि तिचं नाव नारू. नारू हा आक्कांचा एकुलता एक. पातेलं उतरायच्या वेळी तो बरोबर चुलीशी हजर व्हायचा आणि तळहात पुढे करायचा. लेकरू म्हणजे देवच, त्याला उष्टं-खरकटं नाही, म्हणून आक्का त्याच्या हातावर पळीचं टोक टेकवत. नारू जीभ लावायचा, डोळे मिटायचा, आणि एखाद्या न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा, “आई, अजून एक मूठ.” मग एक मूठ पडायची.

मागल्या भादव्यात नारूला ताप भरला. त्यानंतर त्या घरात नारू हा शब्द कुणी उच्चारला नाही. त्याचं ताट फळीच्या मागे गेलं. आक्कांच्या यजमानांना, थोरल्या मोकाश्यांना, कुणी विचारलंच तर ते “घरात तसं झालं ना” एवढंच म्हणत आणि विषय पिकापाण्यावर नेत. आक्का रडल्याचं कुणी पाहिलं नाही. त्या पूर्वीसारख्याच ताठ चालत, पूर्वीसारख्याच रांधत. फक्त रांधलेलं खाववत नसे.

घरचे मुकाट्यानं जेवत. “छान झालंय” म्हणत. सगुणा आमटीत चोरून मीठ टाकायची, शिऱ्यावर चोरून गूळ किसायची. आक्कांची पाठ वळली की हिचा हात चाले. पण पंगतीच्या मोठ्या सैपाकाला आक्का सोवळ्यात असत आणि दार लोटून घेत. तिथे सगुणेचा हात पोचत नसे, म्हणून गावाच्या कमरेला पुड्या आल्या.

सगुणेला स्वतःला फार काही येत नव्हतं. तिच्या माहेरी गोड म्हणजे कण्यांची खीर. तांदूळ पाखडल्यावर उरलेल्या कण्या धुवायच्या, बोटभर तुपावर परतायच्या, पाण्यात मऊ शिजवायच्या, उतरवून गूळ घालायचा, आणि चांगलं निवल्यावर दूध. घाई केली की दूध नासतं, म्हणून ती घाई करत नसे. सासूबाईंना, म्हणजे माईंना, दात नव्हते. त्यांच्यासाठी ती रोज एवढीशी करायची आणि त्यातलीच तपेलीभर वाळवंटात महाराजांना नेऊन द्यायची. देण्याआधी थेंबभर तळहातावर घेऊन जिभेला लावायची. ही तिच्या आईची सवय. आई म्हणायची, दुसऱ्याच्या तोंडात घालायचं ते आधी आपल्या जिभेला विचारावं.

आक्कांच्या कपाळाला आठी पडे. “सगुणे, संताला उष्टं नेतेस? आणि तेही कोंबड्यांपुढे टाकायच्या कण्या?”

“महाराजांना आवडतात, आक्का.”

“मग त्या वाळूतल्या बुवाच्या जिभेला चवच नसेल!”

हे बोलणं वाऱ्यावर वाळवंटापर्यंत गेलं. महाराज नेहमीप्रमाणे हसले. पण त्या दिवशी ते हसता हसता थांबले आणि बराच वेळ नदीकडे पाहत बसले, असं पाहणारे सांगतात.

तर उत्सवाचा दिवस. आडावरची भांडी घेऊन सगुणा देवळात आली, तोवर खिरीचं पातेलं मोकाश्यांच्या घरून बैलगाडीतून येऊन पोचलं होतं. आक्का शेजारी उभ्या राहून पंगतीकडे बघत होत्या. सगुणेच्या हातातली, महाराजांसाठी आणलेली कण्यांच्या खिरीची तपेली पाहून त्या म्हणाल्या, “ती तुझी उष्टी खीर मागल्या दाराशी ठेव. नैवेद्याजवळ आणायची नाही. आणि घरून ओगराळी घेऊन ये, विसरलेय मी.”

सगुणा घरी धावली. माई पेजेचा वाडगा घेऊन बसल्या होत्या. “अगं, चिमूटभर मीठ दे तेवढं.”

फळीवर दोन चिनी मातीच्या बरण्या होत्या, एकसारख्या, एक मिठाची आणि एक साखरेची. सगुणेनं नेहमीच्या जागची मिठाची बरणी उघडली. आत साखर होती, काठोकाठ, हात न लागलेली. तिनं दुसरी उघडली. ती रिकामी. तळाशी चार खडे चिकटले होते. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

काल उत्सवाची साफसफाई म्हणून फळी तिनंच पुसली होती, बरण्या तिनंच पुसून ठेवल्या होत्या. उजवीची डावीकडे गेली, डावीची उजवीकडे. आणि आक्कांनी अख्खी बरणी त्या पातेल्यात रिती केली होती.

“मीठ देतेस ना?” माई म्हणाल्या.

“सगळं संपलं, माई,” सगुणा म्हणाली आणि ओगराळी घेऊन पळत सुटली.

वाटेत ती काय काय मनाशी जुळवत होती! आक्कांच्या कानात सांगावं, तर आक्का ऐकणार नाहीत. पातेलं उलटं करावं, तर देवाचा नैवेद्य. काहीच करू नये, तर अख्ख्या गावापुढे, महाराजांपुढे आक्कांची मान खाली जाणार. आणि सगुणेला ठाऊक होतं, आता आक्कांजवळ ती ताठ मान एवढंच उरलं आहे. तीही गेली तर त्या पुन्हा चुलीशी बसायच्या नाहीत, आणि कदाचित ताटावरही नाही.

ती पोचली तेव्हा मारुतीला नैवेद्य दाखवून झाला होता. पंगत बसली होती. पहिला द्रोण महाराजांपुढे होता.

“महाराज!” सगुणा ओरडली.

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं, आणि खिरीचा घोट घेतला.

पंगत श्वास रोखून बघत होती. महाराजांनी दुसरा घोट घेतला. तिसरा. द्रोण उचलून तोंडाला लावला आणि तळापर्यंत संपवला. मोठमोठ्या बुवांच्या तपश्चर्येच्या कथा आपण ऐकतो. अख्ख्या बरणीभर मिठाच्या खिरीचा द्रोण चेहऱ्याची रेषा न हलवता संपवणं, हीसुद्धा कमी तपश्चर्या नव्हे. ज्यांनी कधी चुकून आमटीत दोनदा मीठ घातलंय, त्यांना हे पटेल.

“आक्का,” महाराज म्हणाले, “ही खीर मारुतीची आणि माझी. हिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. पातेलं झाकून ठेवा. पंगतीला ती मागल्या दाराची वाढा.”

आक्कांचा चेहरा आधी उजळला आणि मग काळवंडला. “ती? ती तपेलीभर कण्यांची? महाराज, एवढ्याशानं एक रांगही व्हायची नाही!”

“तुमच्या हातानं वाढा. बघू.”

आक्कांनी सगुणेकडे असं पाहिलं, की तिनं मान खाली घातली. पण महाराजांचा शब्द मोडायचा कसा? आक्कांनी तपेली उचलली, ओगराळं बुडवलं आणि पहिल्या पत्रावळीवर वाढलं. होऊन जाऊ दे एकदा, तळ दिसू दे, म्हणजे कळेल सगळ्यांना. दुसरीवर वाढलं. रांग संपली. तपेली होती तेवढीच भरलेली. दुसरी रांग संपली. लोक जेवायचं विसरून बघू लागले. आडावरच्या दोघींनी कमरेच्या पुड्या हळूच मागे सरकवल्या. आक्का वाढत होत्या, त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि खीर काठाला टेकून तशीच डुलत होती. जय हो महाराजांची लीला!

शेवटची रांग लेकरांची. तिथे कुंभाराची ठमी बसली होती. तिची पत्रावळ फाटली होती. तिनं सरळ तळहात पुढे केला आणि म्हणाली, “आक्का, हातावर द्या.”

आक्कांचा हात थांबला. ओगराळ्यातली खीर थेंब थेंब तपेलीत परत पडत राहिली. मग आक्कांनी खूप सांभाळून ओगराळ्याचं टोक त्या इवल्या तळहातावर टेकवलं. ठमीनं चाटलं.

“गोड आहे,” ती म्हणाली.

आक्का तपेली तिथेच ठेवून वळल्या आणि महाराजांपुढे आल्या. आवाज त्यांनी ताठ ठेवला होता. “महाराज, माझ्या खिरीत काय कमी होतं? खरं सांगा.”

सगळी पंगत आपापल्या पत्रावळीत पाहू लागली. मोकाशी देवळाच्या खांबाकडे पाहू लागले.

“आक्का, चूक माझी,” सगुणा पुढे आली. “काल फळी पुसताना बरण्यांची अदलाबदल मी केली. साखरेच्या जागी मीठ ठेवलं. खिरीत मीठ पडलंय, आक्का. तुमचा दोष नाही. मी केलंय.”

आक्कांनी झाकण काढलं. पळीभर खीर तळहातावर घेतली, आणि देवाच्या दारात, सगळ्यांच्या देखत, आपला नियम मोडून जीभ लावली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा काहीच नाही. खारट नाही, गोड नाही. त्या सगुणेकडे पाहत राहिल्या, आणि सगुणेला पहिल्यांदा कळलं, की आक्का मिठात चुकत नव्हत्या. त्यांना मीठ लागतच नव्हतं.

महाराज उठले. त्यांनी तपेलीतली कण्यांची खीर घेतली. “हात पुढे कर, माय.”

ते एकदम एकेरीवर आले होते. आक्कांनी लेकरासारखा हात पुढे केला. महाराजांनी तळहातावर थेंबभर खीर ठेवली.

आधी गूळ आला. मग तूप. मग मऊ शिजलेली कणी, आणि शेवटी, तापवताना तळाला जराशा लागलेल्या दुधाचा धुरकट वास. आक्का झपाट्यानं मागे वळल्या, आपल्या पातेल्यात बोट बुडवून तोंडात घातलं, आणि —

“अगं बाई! थू थू! ही काय खीर आहे की लोणच्याचा खार!”

पंगत हसली. आधी ठमी, मग आडावरच्या दोघी, मग सगळेच. कितीतरी दिवसांनी मोकाशीही हसले. आक्काही हसल्या. “आणि हे तुम्ही अख्खा द्रोणभर प्यालात, महाराज? मी तर म्हणाले होते, तुमच्या जिभेला चव नाही!”

“ज्या जिभेला ती नव्हती, तिच्या बदली प्यालो,” महाराज म्हणाले.

हसू विरत गेलं. आक्का खाली बसल्या, मग वाकल्या, आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं. ताठ मान देवळाच्या फरशीवर आली. सगुणा शेजारी बसली. आक्कांनी डोकं न उचलता तिचा हात चाचपडत धरला.

“सगुणे, बरणी कुणीही हलवू दे. मला कळायला हवं होतं. पण मी कधी चाखलंच नाही गं. माझा चाखणारा होता.”

महाराज हसले नाहीत.

“महाराज,” आक्का म्हणाल्या, “माझा नारू मेला.”