घोड्यामागचे दोन ठिपके

“आणि चुकलं, तर?” सरांनी विचारलं.

“चुकत नाही, सर. म्हणजे चुकतं, पण राहत नाही.” नीलाक्षीने काचेवर एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि डाव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकवली. रेघ गेली. “हे बघा. दोन बोटं टेकवली की एक पाऊल मागे. परत टेकवली की अजून एक मागे.”

“किती मागे जाता येतं?”

“अगदी कोऱ्यापर्यंत.”

“अरे वा...” सर म्हणाले.

ह्या ‘अरे वा’त कौतुक असतं की दुसरंच काही, हे नीलाक्षीला कॉलेजात असतानाही कधी कळलं नव्हतं. आता केस पिकायला लागले तरी कळत नव्हतं.

शिरगुप्पे सर म्हणजे तिचे कोल्हापूरचे ड्रॉइंगचे सर. बायको गेल्यावर त्यांनी शहरातलं घर भाच्याला देऊन टाकलं आणि ह्या डोंगरावर, खंडोबाच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत येऊन राहिले. गाव त्यांना मास्तर म्हणतं. गावाचं त्यांच्याकडे वर्षातून एकच काम असतं. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळचा दिवा लागायच्या आत, देवळाच्या मंडपातल्या भिंतीवर गेरूने घोडा काढायचा.

नुसता घोडा. पाठ मोकळी. बसणारा दुसऱ्या दिवशी येतो, अशी गावाची समजूत.

उद्या चंपाषष्ठी होती. सकाळीच चुना लावून भिंत पांढरीशुभ्र करून ठेवली होती. वाटीत गेरू कालवलेला होता.

घोडा नव्हता.

गेल्या पावसाळ्यापासून सरांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

त्यासाठीच तर नीलाक्षी आली होती. निदान पुण्याहून निघताना तिने स्वतःची तशी समजूत घातली होती.

येताना एकटी आली नव्हती. गोधडीत गुंडाळलेला तो भलामोठा कॉम्प्युटर ड्रायव्हरने एका बाजूने आणि तिने दुसऱ्या बाजूने धरून पालखीसारखा पायऱ्यांवरून वर आणला होता. अर्ध्या वाटेत तिच्या गुडघ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वर पोचल्यावर देवळात झाडलोट करणाऱ्या गोदाक्कांनी गोधडीचं टोक उचलून आत डोकावलं.

“मास्तरास्नी टीव्ही आला व्हय?”

“टीव्ही नाही, गोदाक्का. कॉम्प्युटर आहे. ह्याच्यावर चित्र काढतात.”

“काचंवर?”

“हो, काचेवर.”

“मग भिंतीनं काय घोडं मारलंय?” असं म्हणून गोदाक्का झाडायला निघून गेल्या.

देवळात प्लग एकच. त्यावरचा लाऊडस्पीकर काढून नीलाक्षीने कॉम्प्युटर लावला. खाली वेगळा डबा नाही, वायरींचा गुंता नाही, जे काही आहे ते सगळं त्या एका काचेमागे. जेवणाच्या टेबलाची निम्मी जागा खाणारा पडदा. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘खास कलावंतांसाठी’. कलावंत म्हणजे आपणच, असं धरून चालून तिने तो घरी आणला, तेव्हा नवरा म्हणाला होता, “ह्याच्यासमोर मी फारच जुनं मॉडेल दिसतो गं.”

तिने पडदा वरून धरून अलगद खाली ओढला. तो वाकला आणि ड्रॉइंग बोर्डासारखा तिरका होऊन राहिला.

“नमस्कार करतोय व्हय?” सर म्हणाले.

“आता तुम्ही काढा, सर.” तिने पेन त्यांच्या हातात दिलं.

सरांनी पेन धरलं. हात थरथरत होता. त्यांनी घोड्याच्या मानेची रेघ घेतली, कानापासून खाली. पेन जाईल तिथे रेघही थरथरत गेली. सरांनी हात उचलला, आणि तीच रेघ एकदम गुळगुळीत झाली, तुळतुळीत वेतासारखी.

नीलाक्षीचा चेहरा फुलला. ह्याच क्षणासाठी तिने ते धूड डोंगरावर चढवलं होतं.

“ही कुणाची रेघ?” सरांनी विचारलं.

“तुमचीच की, सर.”

“माझी थरथर कुठाय?”

“काढून टाकली. हे मशीनच काढतं.”

सरांनी पेन खाली ठेवलं. हात उचलून तिच्यापुढे धरला. तो थरथरतच होता.

“इथली?”

...

नीलाक्षी मग घाईघाईने बोलायला लागली. गप्प बसवत नसलं की ती अशीच बोलते.

“तसं नाही, सर. माझं म्हणणं एवढंच की, तुम्ही घोडा ह्याच्यावर काढायचा. रेघ हे सांभाळतं. मी तो घेऊन खाली तालुक्याला जाते, फ्लेक्स छापून आणते. दिवा लागायच्या आत भिंतीवर. लोकांना कळणारसुद्धा नाही.”

“लोकांना नाही कळणार.”

“आणि हा इथेच राहू दे. तुमच्याकडे. गुरुदक्षिणा समजा.”

“एवढी लाखमोलाची वस्तू... तुला नको?”

“माझं काय, सर. माझं भागेल.”

सर तिच्याकडे बघत राहिले. वर्गात कुणी दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून दाखवलं की असंच बघायचे. ओरडायचे नाहीत. नुसतं बघायचे.

“पुरं झालेलं एखादं दाखव की. तुझं.”

नीलाक्षी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिने बोटाने चित्रं सरकवायला सुरुवात केली. पाण्यात उतरलेला हत्ती. सुंदर होता, पण त्याला पाणी नव्हतं. फांदीवरचा कावळा, फांदी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आजीच्या मांडीवरचं मांजर. आजीला अजून तोंड नव्हतं.

“हे?”

“थोडं बाकी आहे.”

“हे?”

“ह्याचा रंग बदलून बघायचाय.”

“हे मांजर चांगलंय.”

“आधी ह्याच्यापेक्षा चांगलं होतं, सर...”

“मग ते कुठं गेलं?”

“मागे गेले मी.”

पडद्यावर चित्रं सरकत राहिली. एकेक करत ती संपली आणि पडदा पांढरा झाला.

“ह्यातलं पुरं कुठलं, नीलाक्षी?”

बाहेर गोदाक्कांच्या खराट्याचा आवाज येत होता.

“एकही नाही, सर.” ती म्हणाली. “हा घरी आणल्यापासून एकही नाही. पुस्तकवाले आता फोनसुद्धा करत नाहीत. पूर्वी कागदावर वाईट का होईना, व्हायचं. आता... मागे जाता येतं ना. मग जाते. जातच राहते.”

आणि जरा वेळाने, एकदम हळू आवाजात,

“मला चित्र काढता येत नाहीसं झालंय, सर.”

सर उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी गेरूची वाटी उचलली. वाटीतला गेरू हिंदकळत होता. दुसऱ्या हातात ब्रश होता, तो त्यांनी तिच्यापुढे धरला.

“मी नाही, सर!” ती मागेच सरली. “देवाचं काम आहे. तुम्हीच काढा. थरथरला तरी तुमचाच घोडा.”

“तेच करणार होतो. पण तू आलीस.”

“माझा हात...”

“तुझा थरथरतो?”

“नाही.”

“मग?”

“मागे जातो.”

“बरं,” सर म्हणाले, आणि ब्रश तिच्या हातात ठेवला.

इथला नियम नीलाक्षीला माहीत होता. चुना वर्षातून एकदाच, घोडा काढायच्या आधी. भिंतीला गेरू एकदा टेकला की पुसायचं नाही, खरवडायचं नाही, चुना फिरवायचा नाही. जो घोडा होईल तो वर्षभराचा देवाचा घोडा. एका साली कानाच्या रेघेवरच सरांना शिंक आली आणि घोड्याचा कान गाढवाच्या कानाएवढा झाला. गावाने वर्षभर त्याच कानापुढे नारळ फोडले. बारशाची निमंत्रणंसुद्धा आधी त्याच कानात सांगितली.

तिने ब्रश वाटीत बुडवला. डाव्या बोटांनी चिमटीत धरून निथळला. भिंतीपुढे उभी राहिली.

कान बरा आला. मान आली. कानापासून शेपटीपर्यंत एका दमात यायचं, हे सरांनीच शिकवलेलं. ती दम धरून डावीकडे सरकत गेली. मानेचा उतार, खांदा, पाठ...

पाठीच्या मध्यावर तिला वाटलं, आपल्याला जमतंय.

तिथेच हात कचरला. रेघ खाली बसली. घोड्याच्या पाठीला घडी मोडल्यासारखा खळगा पडला.

नीलाक्षीने डावा हात उचलला आणि दोन बोटं भिंतीवर टेकवली.

काही झालं नाही.

तिने तिथेच जरा दाबून पुन्हा टेकवली.

...

मग तिला कळलं.

खळगा होता तिथेच होता. आणि त्याच्या डावीकडे, कोऱ्या चुन्यावर, गेरूचे दोन ठिपके उमटले होते. लालबुंद.

सर हसतील असं तिला वाटलं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

सर हसले नाहीत.

“सर, थोडा चुना...”

“पुढच्या वर्षी.”

“ही घोड्याची पाठ नाही हो. ओझ्याच्या गाढवाची आहे.”

“असेल.”

“उद्या ह्याच्यावर देव बसणार आहे!”

“पोट कुठून घेशील?”

“अं?”

“पाठ इथं बसली. मग पोट कुठून घेशील?”

नीलाक्षीने डोळे पुसले. त्यामुळे गालाला गेरू लागला, ते तिला नंतर कळलं. ती त्या खळग्याकडे बघायला लागली. स्वतःच्या चुकीकडे इतका वेळ बघायची तिची सवयच मोडली होती. चुका तिच्या समोर राहतच नव्हत्या, बघणार कशाला?

पाठ खाली गेली, तर पोट वर ओढून चालणार नाही... पोटही जरा सुटलेलं हवं. पाय रोवलेले हवेत. मान आहे तिथेच राहील, पण तोंड खाली येईल... दमलेल्या जनावराचं येतं तसं.

“वाटी धरा, सर.”

सरांनी वाटी धरली. वाटी त्यांच्या हातात थरथरत राहिली, आणि दर वेळी ब्रश बुडवायला नीलाक्षीला त्या थरथरीची लय पकडावी लागली. थेंब सांडत होते. सरांच्या धोतरावर, फरशीवर, तिच्या पुण्याहून नेसून आलेल्या चांगल्या साडीवर.

मागे कॉम्प्युटरचा पडदा कुणी हात लावत नाही म्हणून आपोआप काळा झाला होता. उन्हं मंडपातून हळूहळू बाहेर निघाली होती.

पुढचे पाय झाले. मागचे झाले. शेपटी आली ती त्या दोन ठिपक्यांच्या अगदी जवळून, त्यांना न शिवता खाली गेली. शेवटी डोळा. डोळा घालताना तिचा डावा हात आपसूक वर आला.

तिने तो तसाच हवेत धरला...

आणि खाली घेतला.

ब्रश वाटीत ठेवून ती मागे सरली. घोडा उभा होता. खरं सांगायचं तर फार देखणा नव्हता. पाठ बसलेली, पोट सुटलेलं, मान झुकलेली. पण चारही पाय जमिनीवर होते.

“झाला, सर,” ती म्हणाली. हा शब्द ती किती दिवसांनी उच्चारत होती. ती खाली फरशीवरच बसली.

सर तिच्या शेजारी बसले.

दिवेलागणीला गोदाक्का दिवा आणि भंडाऱ्याचं ताट घेऊन आल्या. घोडा काढून झाला की गेरू लागलेल्या प्रत्येक जागी आधी भंडाऱ्याची चिमूट लावायची, हा त्यांचा मान. दिवा वर धरून त्यांनी घोडा कानापासून खुरांपर्यंत न्याहाळला.

“दमलाय जनू ह्यो.”

“डोंगर चढून आलाय,” सर म्हणाले.

“व्हय की.” गोदाक्कांना ते पटलं. त्यांनी कानाला भंडारा लावला, मानेला लावला, पाठीतल्या खळग्यात जरा जास्तच लावला. पायांना लावला, शेपटीला लावला. आणि शेपटीच्या मागे दिवा नेला तेव्हा थबकल्या.

“आन् ह्ये दोन ठिपकं कसलं, मास्तर?”

नीलाक्षीची मान खाली गेली. “ते... ते काही नाही, गोदाक्का. ते माझं...”

“गेरूच हाय की. ह्यास्नी बी लावू का न्हाई?”

सरांनी थरथरता हात गुडघ्यावर ठेवला.

“लावा, गोदाक्का...” ते म्हणाले. “इथनं ही माघारी निघाली होती.”