फुलावर आलेला ताग

राजाचे नाव मला आता नीट आठवत नाही, कदाचित देशाचेही चुकत असेल. पूर्वी काशीदेशात तो राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका खेड्यात कुणब्याच्या घरी जन्मले होते. त्या गावात कापणी झाली की धसकटे जाळीत. वर्षानुवर्षे जळून माती राखेसारखी भुरकट झाली होती. बोधिसत्त्वांच्या शेतात गेल्या साली राजभागापुरतेही जव पिकले नव्हते. यंदाही तसेच झाले तर शेत दुसऱ्याला जाणार होते. त्यांची पत्नी सोमदत्ता या धास्तीने जेवणावरून अर्धवट उठे.

बोधिसत्त्वांनी यंदा धसकटे जाळली नाहीत. पावसाळ्यात ताग पेरला आणि तो पिवळ्या फुलांवर येताच खत म्हणून मातीत गाडायला नांगर काढला. बैल सोमदत्तेच्या माहेरचे. कासरा तिच्याच हातात होता. तेवढ्यात दोर वळणारा भद्रक बांधावर आला.

"वहिनी, धन्याला आवरा! ताग निबर होऊ द्या, सगळा मी नेतो. राजभागाचे जव माझ्या कणगीतून."

सोमदत्तेचा जीव त्या कणगीत अडकला. "ऐकलंत का? यंदाचं तर निभेल."

"निभेल," बोधिसत्त्व म्हणाले. "पण मातीला काय उरेल? ती पुढच्या साली आणखी उपाशी. ताग आत्ता कोवळा आहे, आत्ताच कुजेल."

"आणि नाही कुजला तर?"

"तर शेत जाईल. खात्री कशी देऊ? बैल तुझे आहेत."

मग कासरा त्यांच्या हाती देऊन तिने पाठ फिरवली. फुले मातीखाली जाताना तिला पाहवेना.

त्यानंतर पाऊस दडला. पाणवठ्यावर बायका विचारीत, "काय गं, फुलं पेरलीत, आता उगवणार काय?" सोमदत्ता रोज माती उकरून पाही, तागाच्या काटक्या तशाच. हस्ताचा पाऊस पडला तेव्हा कुठे त्या बोटांत चुरगळू लागल्या. मग जव पेरले. हिवाळाभर एखादे पान पिवळे दिसले तरी ती ते उलटून पाही.

कापणीला राजपुरुषाने राजभागाचे माप भरून नेले, तरी घरची कणगी भरली. भद्रक ओशाळून आला. "तागाचं बी उरलंय का हो?" बोधिसत्त्वांनी आधी त्याला दिले, मग गावाला.

पूर्वजन्मीची ही कथा संपवून शास्ते भगवान म्हणाले, "भद्रक तो आजचा उपासक सुतन, सोमदत्ता ही भिक्षुणी विमुक्ता, आणि तो कुणबी मी होतो. भीती गेली नसताही जिने कासरा सोडला, तिचा तो धीर म्हणजेच क्षांती."

तागाच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्याच मातीला पोसतात, असे मी ही कथा ऐकताना ऐकले होते. पुष्कळ वर्षांनी एक रोप उपटून पाहिले. गाठी होत्या, जित्या गाठी असतात तशा आतून गुलाबी.