महाराजांचं पहिलं पाणी

माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर माफी असावी. शब्दही माझे साधेच आहेत.

मी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नवे लोखंडी नळ जोडले. महाराजांनी हौसेनं चांदीचा पेला भरला, ओठाला लावला आणि ते ओरडले, "थू! हे काय?"

पेल्याच्या बुडाशी गंज आणि लोखंडाचा कीस होता. वर तागाचे धागे तरंगत होते. नळाच्या सांध्याला गुंडाळतात, तेच!

मी मान खाली घालून म्हणालो, "महाराज, जोडकाम झालं की पहिलं पाणी वाहू द्यावं लागतं. चार बादल्या गटारात गेल्या की स्वच्छ येतं."

"म्हणजे माझ्याच वाड्यातलं पहिलं पाणी माझ्याआधी गटाराला? गटार माझ्याहून मोठं?"

"छे छे! घोर अपमान!" दिवाणसाहेब म्हणाले. महाराज शिंकले तरी ते 'वाहवा' म्हणत.

"ऐक, नळवाल्या! उद्या देवडीवरचा नळ जोड. त्याचं पहिलं पाणी मलाच! आधी एक थेंबही सांडायचा नाही. आणि त्यात जेवढा कचरा निघेल, तेवढा तू सगळ्यांसमोर खायचा!"

वाड्यात पाणी भरणाऱ्या भिवरामावशीपाशी जाऊन मी रडकुंडीला आलो.

"मावशी, कितीही पुसला तरी नळातून काहीतरी निघणारच गं!"

"निघू दे की! तू नीट नळ जोड. तोटी मी सोडते."

दुसऱ्या दिवशी महाराज घोड्यावरून रपेट करून आले. देवडीवर सगळा दरबार जमला होता. मावशीनं तोटीखाली परात ठेवली, परातीत पाट ठेवला.

"हे कशाला?"

"महाराज, बाहेरून आलेल्या माणसाला आधी प्यायला देतात, का पाय धुवायला?"

"पाय धुवायला! एवढंही ठाऊक नाही तुला?"

"तेच म्हणते मी! पहिलं पाणी तुमचंच, पण पायांचं. या पाटावर."

महाराजांनी जोडे काढले आणि ते पाटावर उभे राहिले. तोटी फुरफुरली, खोकली आणि तांबडंलाल पाणी पायांवर कोसळलं. परातीत गंज, कीस आणि धाग्यांचा हा गोळा!

"कचरा! कचरा!" दिवाणसाहेब नाचायलाच लागले. "खाऊ दे त्याला!"

महाराज खाली उतरताच मावशीनं पाट काढला आणि परात दोन्ही हातांनी उचलली. "खाईल की! पण हे आता साधं पाणी राहिलं नाही. महाराजांच्या पायांचं तीर्थ झालं! पहिला मान थोरांचा. दिवाणसाहेब, हात पुढं करा!"

दिवाणसाहेब दोन पावलं मागं सरकले. "मला... मला जरा सर्दी आहे."

"तीर्थाला सर्दी कसली? का महाराजांच्या तीर्थात तुम्हाला कचरा दिसतोय?"

"कचरा? छे छे! कुठंय कचरा? मला तर काहीच दिसत नाही!"

"ऐकलंत, महाराज? दिवाणसाहेबांनाच दिसत नाही. मग या पोरानं खायचं तरी काय?"

महाराज खांबाला धरून हसले. हसता हसता ओल्या पायांनी घसरता घसरता वाचले! तोवर नळाला नितळ पाणी आलं होतं. मावशीनं पेला भरून दिला आणि त्यांनी तो एका दमात संपवला.

"माग, भिवरा! काय हवं ते माग!"

"आमच्या आळीला एक नळ द्या, महाराज. बायकांच्या माना मोडल्या हंडे वाहून."

"दिला! आणि या नळवाल्याला आजपासून वाड्याची कायमची चाकरी!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुदळ खांद्यावर टाकून मावशीच्या आळीत गेलो आणि चर खणायला लागलो.